ताडीचं दुकान सील केलं त्याचा तिसरा दिवस

त्या गुरुवारची सकाळ विसरावी म्हटली तरी विसरता येत नाही. नोकरीत खुनाचे, दरोड्यांचे तपास केले, बक्षिसं मिळाली. त्यातले निम्मे आरोपी आज समोर आले तरी मी ओळखणार नाही. हे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ते किरकोळच होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दौंडहून बदली होऊन मी शिरूर तालुक्यात फौजदार म्हणून आलो होतो. न्हावऱ्याच्या बाजूला एका गावात परवान्याचं ताडीचं दुकान होतं. परवाना भिंतीवर लावलेला, त्यामुळे तिकडे कोणी फारसं बघत नसे. एक दिवस मेंढरं विकून शेतीला लागलेले एक आबा एसटीने ठाण्यात आले आणि बाकावर टेकले.

"फौजदारसाहेब, आमच्या वढ्याला शिंदीची झाडं हायती अकरा. त्यातली चार वाळल्याती. मंग रोज कॅनच्या कॅन ताडी येती कुठनं?"

"पाणी घालत असतील, आबा."

"पाण्यानं मानूस दुपारपातुर झोपतंय व्हय? ऊस तोडायचा सोडून बांधावं निजत्यात."

मंगळवारी दुपारी पंच घेऊन छापा घातला. मागच्या खोलीत साखरेचं पाणी, सॅकरिन आणि पांढऱ्या खड्यांची एक पिशवी सापडली. "तुरटी हाय साहेब, ताडी निवळायला," मालक म्हणाला. त्याला अटक केली, नमुने सील करून तपासणीला पाठवले, दुकानाला कुलूप ठोकलं. गावातल्या बायकांनी आम्हाला चहा पाजला. मी खूश होतो.

पंचनामा आमच्या हवालदारांनी लिहिला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, सरळ, कमी बोलणारा माणूस. सगळं ठाणं त्यांना मामा म्हणायचं. त्यांचं घर न्हावऱ्याला, रोज मोटरसायकलवर जाणं-येणं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षाही गप्प होते, एवढं आठवतं.

गुरुवारी सकाळी हजेरीला मामा आले ते घामाने भिजलेले. स्टेशन डायरी लिहायला बसले तर हात इतका थरथरत होता की पेन कागदावर टेकेना. मग ते टेबलावरच्या मुंग्या झटकायला लागले. टेबलावर एकही मुंगी नव्हती. मला वाटलं, सकाळीच लावून आलेत. चारचौघांत मी बोललो, "मामा, तुम्हीसुद्धा? वयाचा तरी विचार करायचा." त्यांनी मान वर केली नाही. डायरीत मी स्वतःच्या हाताने 'कर्तव्यावर नशेत आढळले' अशी नोंद केली आणि तपासणीची यादी, म्हणजे डॉक्टरांना द्यायचं पत्र, देऊन त्यांना जीपने सरकारी दवाखान्यात पाठवलं.

अर्ध्या तासात डॉक्टरांचा फोन आला. "तुमचे हवालदार प्यायलेले नाहीत. तोंडाला वास नाही. इथे येताच त्यांना फीट आली. ते रोज काय घेतात?"

मी पोहोचलो तोवर त्यांची बायको आली होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती म्हणाली, "सहा वर्सं झाली. गुडघं दुखत्यात म्हनून सांजच्याला येक गिलास ताडी. परवाधरनं न्हाई घेतली. दोन राती डोळ्याला डोळा न्हाई."

मला लाज वाटली. पण पुढे मी जे बोललो त्याची आज जास्त वाटते. "मग काळजी नाही, डॉक्टर. दोन दिवस तडफडतील, होतील बरे. नशा सुटल्याने मरत नाही कोणी."

हे शहाणपण दौंडचं. तिथे असताना सोलापूर रोडच्या ढाब्यांवर भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, खाणारे ड्रायव्हर आम्ही पकडायचो. भुक्की बंद झाली की जांभया, नाक गळणं, जुलाब, अंग ठणकणं. चिमूटभरासाठी रडायचे. चौकशीत आम्ही त्याचा फायदाही घ्यायचो, खोटं कशाला सांगू. मेलं मात्र कोणी नव्हतं.

डॉक्टर चिडले. "तुम्ही पोलीस सगळ्याला एकच शब्द लावता, नशा. शरीर तसं मानत नाही. अफूने डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास मंदावतो. जास्त झाली तर श्वास थांबून माणूस मरतो. बंद झाली तर हाल होतात, पण बहुतेक जगतात. झोप उडवणारी, छाती धडधडवणारी औषधं वेगळी. गांजा आणखी वेगळा. दारू आणि झोपेची औषधं मेंदूला दाबून ठेवतात. वर्षानुवर्षं दाबलेला मेंदू एकदम मोकळा सुटला की उसळतो. घाम, भास, फिटा. त्यात माणूस जातो, साहेब. त्याच जातीचं औषध मोजून देऊन हळूहळू कमी करावं लागतं. मला हे तेच वाटतंय. पण ताडीत दुसरं काही विष असेल तर उपचार बदलतील. त्या पिशवीत काय होतं ते मला सांगा. आणि गावात असे किती आहेत?"

नमुन्यांचा अहवाल यायला कित्येक महिने लागले असते. सांगू शकणारा एकच माणूस होता, दुकानाचा मालक, आणि तो आमच्या कोठडीत 'तुरटी' सोडून दुसरा शब्द बोलत नव्हता. बोलला असता तर आपल्याच हाताने केस पक्की झाली असती, हे त्याला कळत होतं.

त्याला बाहेर काढून बाकावर बसवलं. हात उगारला नाही. मारलेला माणूस आपल्याला हवं ते सांगतो, आणि मला त्या दिवशी खरं हवं होतं.

"हवालदार मामांना फीट आलीय. जगतील का, डॉक्टरलाही सांगता येत नाही. पिशवीत काय होतं?"

"कोन, आपलं मामा?" त्याचा चेहराच उतरला. "साहेब, त्येंचा गिलास येगळा असायचा. पोलिसातला मानूस, खूश ऱ्हावा म्हनून त्येंना डबल टाकायचो."

"काय डबल टाकायचास?"

"क्लोरल. झोपंचं. दौंडला रेल्वेनं यायचं, तितनं आनायचो."

डॉक्टरांना फोन केला. मग त्यालाच जीपमध्ये घालून गावात नेलं. रोजची गिऱ्हाइकं तो घर दाखवत सांगत गेला. सहा जणांना दवाखान्यात हलवलं. एकाला अंगात आलंय म्हणून खांबाला बांधून ठेवलं होतं. सातव्या घरी माणसं नुकतीच स्मशानातून परतली होती. ऊसतोडीला जाणारा, पस्तिशीचा. आदल्या दिवसभर फिटा येत होत्या, कोणाला काही समजलं नाही. मला ओळखून त्याची आई म्हणाली, "तुमी चांगलंच काम केलं, साहेब, दुकान बंद केलं. त्येच्या नशिबात न्हवतं बगायचं."

मी तिला काहीच सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

मामा वाचले. पाचव्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा उठून बसले होते. डायरीतली नोंद खोडता येत नाही, म्हणून खाली 'नशेत नव्हते, आजारी होते' अशी दुसरी केली होती, ती त्यांना वाचून दाखवली.

"मामा, छाप्याला तुम्ही माझ्या शेजारी होता. तेव्हाच बोलला का नाहीत?"

"दुकान बंद व्हायलाच पायजे हुतं. माझ्यापायी कशाला थांबवायचं?" मग जरा थांबून म्हणाले, "आन् बोललो असतो, तर तुमी काय म्हनला असता, साहेब?"

ते रागाने विचारत नव्हते. त्यानंतर कुठलाही अड्डा बंद करायच्या आधी मी डॉक्टरांना जाऊन भेटत असे. सहकारी हसायचे, म्हणायचे, फौजदार आधी दवाखान्यात वर्दी देतो. हसू दिलं. त्या दिवशी मात्र मी मामांच्या खाटेशेजारून उठलो. खिडकीतल्या तांब्यातलं पाणी ओतून त्यांच्या हातात दिलं, आणि पेला धरताना त्यांचा हात थरथरतोय का, ते बघत बसलो.