बाहेर काढलेला खेळाडू

आईवडिलांनंतर मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते आमचे फुटबॉलवाले सर. मैदानातून त्यांना जितक्या वेळा हाकललं गेलं, तितक्या वेळा मुंबईत दुसऱ्या कुणाला कुठूनच हाकललं गेलं नसेल. मालाडच्या गावठाणातले त्यांचे जुने ख्रिस्ती शेजारी अजून सांगतात, की सर बचावाला उभे राहिले की समोरचा संघ दुसऱ्या बाजूने हल्ला करायचा आणि रेफ्री आधीपासूनच खिशात हात घालून धावायचा. एकदा म्हणे नाणेफेकीलाच त्यांना ताकिदीचं पिवळं कार्ड मिळालं. सर हे नाकारत नसत. "नाणं नीट उडवलं नव्हतं त्याने," एवढंच म्हणत.

मला ते भेटले तेव्हा त्यांचे गुडघे संपले होते आणि ते अंधेरीच्या एका क्रीडावाहिनीवर मराठीतून सामन्यांचं विश्लेषण करत होते. मी तालुक्याच्या गावातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. त्याच वाहिनीत सामन्यांची टिपणं लिहायला लागलो होतो. माझ्या बोलण्याला ऑफिसात सगळे हसत. महिन्याभरात निर्माते मला काढायला निघाले, तेव्हा सर म्हणाले, "ह्याने लिहिलेलं मला कळतं. तुमचं नाय कळत. हा जाणार तर मी पण चाललो." मी राहिलो. धाकटी बहीण आज कॉलेजात जाते ती त्या एका वाक्यामुळे.

सर निर्मात्यांच्या सूचना ऐकायचं यंत्र कानात घालत नसत. "कानात कोण बोललं की माझं डोकं सरकतं, यार." म्हणून निर्मात्यांनी युक्ती काढली. मी कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं आणि सरांची जीभ घसरायला लागली की पिवळं कार्ड दाखवायचं. सर कार्ड बघत, माझ्यावर डोळे वटारत आणि निवळत. एका गोलरक्षकाला ते 'म्हशीसारखा उभा' म्हणाले, मी कार्ड वर केलं, तर लगेच "म्हशीची माफी मागतो" म्हणून मोकळे.

कार्डांच्या पाकिटात खेळाडूला बाहेर काढायचं लाल कार्डही होतं, पण ते कधी लागलं नव्हतं. एका रविवारी रेफ्रीने एका कोवळ्या बचावपटूला बाहेर काढलं आणि सर असे भडकले, की थेट रेफ्रीच्या आईवडिलांपर्यंत पोचले. पिवळ्याने भागेना. निर्माते माझ्या पाठीत कोपर मारून म्हणाले, "लाल दाखव, लाल!" मी दाखवलं.

सर उभे राहिले. "मी त्याच्या पायाला नाय, बॉललाच खेळलो होतो!" असं माझ्यावर ओरडले, शर्टाचा माइक काढून टेबलावर ठेवला आणि कॅमेऱ्यासमोरून चालत बाहेर गेले. त्यांना प्रश्न विचारणारी निवेदिका रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मी मागे धावलो. सर जिन्यात बसले होते.

"सर, चला ना, जाहिराती लागल्यात."

"येडा आहेस काय रे? लाल दाखवलंस ना तू?"

"ते नुसतं बोलणं थांबवायला होतं, सर."

"रेफ्रीशी मी मरेपर्यंत भांडीन. पण बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही."

पुढच्या रविवारी त्यांच्या खुर्चीत एक गोड बोलणारा तरुण होता. वाहिनीने सरांना पुन्हा बोलावलंच नाही. मी दोनदा निर्मात्यांच्या दारापर्यंत गेलो. माझ्यासाठी सर जे बोलले होते, ते त्यांच्यासाठी बोलायची माझी छाती झाली नाही.

महिन्याने त्यांच्या घरी गेलो. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. दार उघडंच होतं. टीव्हीवर सामना चालू होता, आवाज बंद. सर इस्त्रीचा कोट घालून खुर्चीत ताठ बसले होते आणि बोलत होते: बचावाची रांग कुठे फुटली, डावीकडची जागा कुणी मोकळी सोडली. मध्येच थांबत, मान कलती करून ऐकल्यासारखं करत, मग "चांगला प्रश्न आहे" म्हणून उत्तर देत. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी चपला न काढताच परत फिरलो आणि घरी येऊन, सरांना वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरांत, पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप सरांना शिरसाष्टांग नमस्कार. तुम्हाला बाहेर मी काढलं आणि नंतर गप्पही मीच बसलो. त्याची लाज वाटते. रविवारी चार वाजता तुमच्याकडे येतो आहे. सामना बघू. तुम्ही बोला, प्रश्न मी विचारीन. मला ऑफसाइड अजून नीट कळलेला नाही, तेव्हा प्रश्न पुष्कळ असतील."