सहा थेंब आयोडीन

२००५ च्या वसंतात माझं हृदय मधूनच एखादा ठोका गाळायला लागलं. ठोका यायचाच नाही, आणि मग पुढचा असा दाणकन यायचा की बोलता बोलता मी गप्प व्हायचो. मी चौतीस वर्षांचा, अमेरिकेतल्या कॅरी गावात राहणारा, आठवड्यातून दोनदा टेनिस खेळणारा माणूस. डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपल्याला काहीतरी झालंय हे कबूल करायचं, आणि ते मला मुळीच करायचं नव्हतं.

ऑफिसला माझ्याच गाडीतून येणारा एक नागपूरकर मित्र होता. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एक वेबसाइट असायची. "अरे यार, आयोडीन ट्राय कर," तो म्हणाला. "आपण इथे सगळे डेफिशियंट आहोत. फोरमवर बघ, लोकांचे हार्टबीट्स एकदम सेट झालेत." मी लंचमध्ये तो फोरम वाचला. खरंच, सगळे सेट झाले होते. चार दिवसांत ड्रॉपर असलेली एक तपकिरी बाटली घरी आली आणि मी रोज सकाळी ग्लासभर पाण्यात सहा थेंब घालून प्यायला लागलो.

इंजिनिअर म्हटल्यावर एक्सेल शीट आलीच. सकाळची पल्स, संध्याकाळची पल्स, चुकलेले ठोके. दोन आठवड्यांत आलेख असा सुरेख खाली उतरला की मी तो डेस्कटॉपवरच ठेवून दिला. त्याच काळात आमच्या सॉफ्टवेअरचं मोठं रिलीज पार पडलं होतं, कॉफी पाच कपांवरून एकावर आली होती आणि मी माणसासारखा झोपायला लागलो होतो, ही गोष्ट वेगळी. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही, असं ज्युनिअर लोकांना मीच बजावत असे. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळे बदल एकदम केले आणि श्रेय बाटलीला देऊन मोकळा झालो. पुढे प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, माझं आयोडीनपुराण सुरू झालं. "आता संक्रांतीला वाण म्हणून हेच लुटते," बायको म्हणाली.

मेअखेर बाबा सहा महिन्यांसाठी आले. बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून आई पुण्यातच राहिली. बाबा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सोडल्या तर ठणठणीत. गळ्यापाशी सुपारीएवढी एक गाठ होती, पण ती माझ्या लहानपणापासून होती आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे. मी त्यांना बाटली दाखवली, आलेख दाखवला, सगळं साग्रसंगीत समजावलं. त्यांनी पोळीच्या तुकड्यावर एक थेंब टाकला. तुकडा निळाकाळा पडला. "भेसळ नाही," असा शेरा देऊन त्यांनी बाटली परत केली.

जुलैत माझे ठोके पुन्हा चुकायला लागले. मी काय करावं? शीट उघडणंच बंद केलं. ज्या चमत्काराचे गावभर गोडवे गायले तो फसला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? बाबांसमोर मी ग्लास आणखीच ऐटीत रिकामा करत राहिलो.

त्याच सुमारास बाबांच्या पँटी सैल व्हायला लागल्या. चहाचा कप धरताना हात थरथरायचा. मी म्हटलं, हवा बदलली, जेवण बदललं, होतं असं. मग एका शनिवारी पत्रं आणायला म्हणून ते मेलबॉक्सपर्यंत गेले आणि तिथेच कडेला बसले. मी धावत जाऊन मनगट धरलं. माझा आपला अधूनमधून एखादा ठोका चुकायचा. त्यांच्या नाडीला ताळतंत्रच नव्हतं.

तासाभरात आम्ही तातडीच्या दवाखान्यात, अर्जंट केअरमध्ये, होतो. ईसीजी झाला, रक्त घेतलं, नाडी आटोक्यात आणायचं औषध मिळालं. इथे आईवडिलांना डॉक्टरकडे नेलं की सगळं बोलायचं मुलाने, असा आम्हा लोकांचा रिवाजच आहे. बाबांचं इंग्रजी माझ्याहून शुद्ध, पण तेही पाहुण्यासारखे गप्प बसले होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही घेता? सप्लिमेंट्स?" "नो, नथिंग," मी म्हणालो. बाबांकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं. थायरॉइड सुसाट सुटलं होतं. त्यांनी बाबांच्या गळ्यावरची गाठ चाचपली आणि म्हणाल्या, अशा जुन्या गाठीला जास्तीचं आयोडीन मिळालं की असं होऊ शकतं, आणि मग हृदयाचा ताल बिघडतो. कुठून आयोडीन पोटात गेलंय का? मी पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा वर्गात बोलावं तसं स्पष्ट बोलले, "सिक्स ड्रॉप्स. एव्हरी मॉर्निंग. सिन्स जून." आणि मग माझ्याकडे न बघता, "तुझ्याच बाटलीतून. तू ऑफिसला गेल्यावर."

थेंब त्या दिवसापासून बंद झाले, औषधं सुरू झाली. काही आठवड्यांत नीट होईल, असं डॉक्टर म्हणाल्या, आणि पुढे तसं झालंही. पण तेव्हा ते माहीत नव्हतं. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी जवळजवळ ओरडलोच, "बाबा, मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? तू इतक्या खात्रीने बोलत होतास," ते म्हणाले. "जन्मभर मी पोरांना शिकवलं. म्हटलं, आता आपला मुलगा शिकवतोय, तर ऐकावं. आणि तुला गुण आलेला दिसत होताच की."

मी चावी फिरवली, पण गाडी हलवली नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मला गुण नाही आलेला, बाबा. महिना झाला, परत सुरू झालंय. मी कुणाला बोललो नाही."

त्यांनी सीटबेल्ट काढला. मग म्हणाले, "गाढवा."

दहावीनंतर त्यांनी मला असं म्हटलं नव्हतं.

"गाडी बंद कर. चल आत. तुझी अपॉइंटमेंट घेऊ."

"बाबा, मी फोन करेन ना घरी जाऊन."

"तुझं आता ऐकणार नाही," ते म्हणाले आणि उतरून माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. त्यांचा हात अजून थरथरत होता. त्याच हाताने त्यांनी माझा दंड धरला आणि मला काउंटरपर्यंत चालवत नेलं. मी दंड सोडवून घेतला नाही.