भोपळ्यासाठी तळमजला

मोठ्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करण्यात ताईची तीस वर्षं गेली. तिथे सगळेच तिला ताई म्हणायचे, पण तसं म्हणायचा खरा हक्क एकटीचाच, धाकट्या बहिणीचा. आईवडील गेल्यावर दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत. एकदा धाकटीनं स्वेटरच्या पोटात लपवून कुत्र्याचं एक पिल्लू आणलं. ढेरपोटं होतं, म्हणून नाव पडलं भोपळ्या. वर्षभरात धाकटी लग्न करून दूर परदेशी गेली आणि भोपळ्या ताईच्या पदरात पडला.

खिडकीतून रस्त्याचं वळण दिसायचं. धाकटीची टॅक्सी तिथेच दिसेनाशी झाली होती. त्याला बारा वर्षं झाली, तरी कामावरून आल्यावर ताई चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची आणि शेजारच्या ट्रंकेवर भोपळ्या. कोणी येणार नाही हे ताईला कळत होतं. भोपळ्याला कोण सांगणार?

त्या हिवाळ्यात भोपळ्या ट्रंकेवर चढेना. उठताना मागचे पाय फरशीवर फाकायचे. ‘‘आळशी झालायस मेल्या,’’ ती रागवायची. मग एका सकाळी जिना उतरताना तो असा कळवळला, की ताई त्याला तडक दवाखान्यात घेऊन गेली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे पाय हलवून पाहिले. ‘‘सांधे झिजलेत. झीज भरून येणार नाही, पण दुखणं कमी करता येईल. वजन उतरवा, फरशीवर काहीतरी अंथरा, थोडं थोडं चालवा, शेक द्या. आणि मी लिहिलंय तेवढंच औषध. तुमच्या गुडघ्यांच्या गोळ्या चुकूनही देऊ नका, जिवावर बेतेल.’’

‘‘माझे गुडघे दुखतात हे तुम्हाला काय माहीत?’’

‘‘आत येताना दोघंही लंगडत होतात,’’ बाई हसल्या. ‘‘आणि हो, जिने बंद.’’

‘‘अहो, तिसरा मजला आहे!’’

‘‘मग उचलून न्या, नाहीतर खाली राहायला या.’’

आठवडाभर ताईनं तीस किलोचा भोपळ्या उचलून नेला. आठव्या दिवशी ती त्याला मांडीवर घेऊन जिन्यातच बसली. दोघंही धापा टाकत होते. तळमजल्यावर ट्रम्पेट शिकवणारे मास्तर राहत. ते बाहेर आले.

‘‘ताई, तुम्ही खाली या, मी वर जातो. माझ्या खोलीत ऊन येत नाही आणि वाजवायला लागलो की शेजारचा भिंत बडवतो.’’

हो म्हणायला ताईला दोन दिवस लागले. निघताना तिनं खिडकीची काच आतून-बाहेरून पुसली आणि मागे न बघता उतरली.

खालच्या खिडकीतून समोरची भिंत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसत. ताईनं जुन्या घोंगड्या शिवून दारापर्यंत अंथरल्या. टॉवेल इस्त्रीनं गरम करायचा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा, मग त्याच्या मांडीवर ठेवायचा. जेवण कमी केलं, तेव्हा ही आपल्याला उपाशी मारायला निघालीय अशा नजरेनं तो बघायचा. पण दोन महिन्यांनी हाताला त्याच्या बरगड्या लागू लागल्या. एका सकाळी तो आपला आपण उठला आणि दारात येऊन उभा राहिला. पळाला वगैरे नाही. उठला, एवढंच. ताईला तेवढंही पुष्कळ होतं.

रविवारी धाकटीचा फोन आला. ‘‘ताई, खिडकीत बसलीयस ना? मला तू तशीच दिसतेस बघ.’’

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. ‘‘नाही गं,’’ ताई म्हणाली. ‘‘खाली राहायला आलेय. भोपळ्याला जिना झेपेना.’’

‘‘म्हणजे आता वळण दिसत नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘तू तिथे बघत बसलीयस म्हटलं, की मला वाटायचं, मी अजून पुरती गेलेली नाही.’’

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘‘येऊन जा ना एकदा. तो आहे तोवर.’’

‘‘बघते गं.’’

हे ‘बघते’ ताई वर्षानुवर्षं ऐकत आली होती. फोन ठेवून ती घोंगडीवर बसली आणि भोपळ्याचा पाय हळूहळू चोळू लागली. त्यानं मान वर केली.

‘‘तुझी चौकशी केली बरं का तिनं,’’ ताई खोटंच म्हणाली. भोपळ्यानं पाय तिच्या हातात सैल सोडला.