नूरबानूचा पाहुणचार

नूरबानूसारखी खुळी बाई अख्ख्या कसबा पेठेत सापडायची नाही. तिच्या तोंडावर सांगितलंय मी हे, उगाच मागून बोलत नाही.

आमची दारं समोरासमोर. तिचा नवरा, शमशुद्दीनभाई, भांड्यांना कल्हई करायचे. पोस्टमन येवो नाहीतर मीटर बघणारा, चहा घेतल्याशिवाय त्यांच्या घरातून कोणी जायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मूलबाळ नाही. नूर शिवणकाम करायची, पण त्यांना उठवायचं, भरवायचं, पुसायचं. मशीनवर बसणार कधी? औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ लागली. तेव्हा मीच तिला निराधार योजनेच्या पेन्शनचा अर्ज करायला लावला.

अर्ज केला की सरकारी माणूस घर बघायला येतो, खरंच गरीब आहेत का म्हणून. आणि या बाईनं काय करावं? शेजारून गादीच्या खुर्च्या आणल्या, भाचीकडून कुलर आणला, काचेचे कप, काजूची बिस्किटं! मी मंडईतून येऊन बघते तर साहेब कुलरसमोर बसून दुसरा कप घेतायत. "पाहुण्याला काय फरशीवर बसवू, इंदुताई?" वर मलाच विचारते.

साहेबांनी बिस्किटं खाल्ली आणि 'परिस्थिती बरी' असा शेरा मारला. खाल्ल्या मिठाला जागायचं वगैरे सरकारात नसतं. अर्ज नामंजूर.

पुन्हा अर्ज केला. तोवर मशीनही विकलं होतं. या वेळी मी तिला दटावलं, "पाणीसुद्धा विचारायचं नाही. कळलं?"

ऐन उन्हाळ्यात दुसरे साहेब आले. घामाघूम झालेले, फरशीवरच टेकले बिचारे. खाटेवरून शमशुद्दीनभाईंनी डावा हात हलवला. "चाय," म्हणाले. झटक्यानंतर धड उमटलेला पहिला शब्द. नूरनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले.

"घरात काही नाही," ती म्हणाली. दूध होतं. सकाळी मीच दिलं होतं.

साहेब कोरडेच गेले. पेन्शन मंजूर झाली.

शमशुद्दीनभाईंनी त्या दिवशी भिंतीकडे तोंड फिरवलं. नूरच्या हातचा भात घ्यायचे, गोळी घ्यायचे. चहाची बशी ओठाला लावली की तोंड घट्ट मिटायचे. "तुमच्यासाठीच केलं हो," म्हणून ती रडायची. पावसाळ्यात ते गेले. पेन्शन त्यांच्या नावाची, तीही बंद झाली.

माझं काय चुकलं? काही नाही. पण तिच्या दारात पाऊल टाकताना जीव तुटतो माझा. परवा गेले, म्हटलं, "अगं, विधवा म्हणून तुलाही मिळेल. अर्ज कर."

तिनं चहाचं आधण ठेवलं, माझ्यापुढे कप पुसून ठेवला.

"नको इंदुताई," म्हणाली. "पुन्हा कुणीतरी घर बघायला येईल."