मामाचा तीन दिवसांचा रिकोटा

दूध नासलं की घरोघरी तोंडं उतरतात. नासल्यावर ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत एकच, आणि तो माझा मामा. कारखान्यातून निवृत्त झालेले बाकीचे साहेब सोसायटीच्या भांडणांत रमले, मामा रिकोटा नावाच्या इटालियन चीजमध्ये रमला. उल्हासनगरचा एक सिंधी डेअरीवाला पनीर काढून उरलेलं पाणी ओतून द्यायचा, ते मामा कॅन भरून रिक्षाने आणू लागला. "साईं, इसका करते क्या हो?" असं त्याने एकदा विचारलं, तर मामाने इतकं सविस्तर सांगितलं की मागची गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. त्या पाण्यात दूध घालून तापवायचं, लिंबू पिळायचं आणि वर येईल ते पंच्यात बांधून टांगायचं. टांगायला सोयीची खुंटी देवघराशेजारची.

मामीचा याला मुळापासून विरोध. जन्मभर गॅसपाशी उभं राहून तिने दूध सांभाळलेलं, ते नासणं तिच्या लेखी अपशकुन. "चांगलं दूध हाताने नासवायचं, शोभतं का?" असं म्हणून तिने रिकोट्याला बोट लावलं नाही. तिने एकदा चमचाभर खावा, एवढीच मामाची इच्छा. त्यापायी त्याने तो थालीपिठात घातला, भरतात घातला, दिवाळीत करंज्यांत भरला. करंज्या तेलात फुटल्या आणि पुढे बरेच दिवस त्याला कढई मिळाली नाही.

साठवणुकीत मामा फार कडक. काचेची बरणी, कोरडा चमचा, फ्रीजचा मागचा थंड कोपरा. सुटलेलं पाणी रोज ओतायचं. फ्रीजरमध्ये रवाळ होतो, म्हणून तिथे नाही. "तीन दिवस. चौथ्या दिवशी मोह नको," असं तो गंभीरपणे बजावायचा. खाणारा एकटाच, त्यामुळे तिसऱ्या संध्याकाळी उरलेला वाटत तो जिने चढायचा आणि सोसायटीतली दारं पटापट लागायची. वरच्या मजल्यावरचं आमचंही.

गेल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून त्याला दवाखान्यात ठेवलं. तिथलं जेवण त्याच्या घशाखाली उतरेना. मी डबा न्यायला गेलो तर मामी ओट्याशी उभी, हातात पिळलेलं लिंबू, डोळे भरलेले. "नासवलं रे मी दूध," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे. ह्यांच्या पोटात दोन घास गेले पाहिजेत."

दवाखान्यात मामीनेच डबा उघडला, मामाने चाखून पाहिलं. "लिंबू जास्त झालंय." मामीने चमचा काढून घेतला, स्वतः एक घास खाल्ला आणि म्हणाली, "काही जास्त नाही. खा." दोघांनी मिळून डबा संपवला.

मामा सुखरूप घरी आला. कॅन पुन्हा सुरू झाला, पंचा खुंटीवर चढला. तिसऱ्या संध्याकाळी मी हल्ली दार उघडं ठेवतो, पण तो वर येत नाही. विचारलं तर म्हणतो, "अरे, उरतच नाही."