सेनापतीनं गाळलेलं वाक्य

सेनापतीला हळू बोलता यायचंच नाही. कुणाच्या घरी मयतीला गेला तरी त्याचं सांत्वन चार घरं ओलांडून ऐकू जायचं, आणि बायकोशी बिनसलं की कशावरून बिनसलं हे एस.टी.च्या थांब्यावर बसलेल्यांनाही कळायचं. मी गावच्या शाळेवर रुजू व्हायला आले, गाडीतून उतरून कुणाला तरी शाळेचा रस्ता विचारला, तर पलीकडच्या पत्र्याच्या दुकानातून आवाज आला, "सरळ जावा बाई, लिंबापासून डावीकडं! पर हेडमास्तर घरी जेवायला गेल्यात!" हेडमास्तर शाळेच्या वेळेत घरी जेवतात ही बातमी त्या दिवशी अख्ख्या गावाला झाली. हेडमास्तरांनी पुढे वर्षभर त्याच्याशी अबोला धरला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याचं नाव भानुदास. वडवणी आणि दिंद्रुड यांच्या मधल्या त्या गावात तो विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून द्यायचा. दुकानात शिरलं की वार्निशचा वास यायचा, आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता तो कुणाशी तरी भांडत असायचा. वेढे चुकले की पहिल्यापासून मोजायचा, भांडणही पहिल्यापासून.

दुकानाची जागा नानांनी दिलेली. नाना म्हणजे गावचे सरपंच, बायको गेलेली, मूलबाळ नाही. भानुदासचे आईवडील दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे ते थेट उन्हाळ्यात परतायचे. त्याला दुसरीपासून नानांनी घरी ठेवून घेतलं होतं. "नानानं मला नुसतं पोसलं न्हाई बाई," तो सांगायचा, "रोज संध्याकाळी पाढे म्हणून घेतले. आन् लांबून! म्हणं, मी वसरीत बसतो, तू चुलीपाशी बसून म्हण, मला ऐकू आलं पायजे." हा आवाज कुठून आला ते मला तेव्हा कळलं.

तसाच आसरा इतरही पोरांना मिळावा म्हणून नानांनी देवळाच्या सभागृहात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवलं होतं. भानुदास ग्रामपंचायतीचा सदस्य होता, पण ग्रामपंचायतीपेक्षा तो तिथेच जास्त असायचा. भाताचं पातेलं उतरवायला, रडणाऱ्या पोराला खांद्यावर घ्यायला.

ऊसतोडीची माणसं परत आली की चैत्रात गावची जत्रा भरायची आणि जत्रेत नाटक व्हायचं. त्या वर्षी नाटक मी लिहिलं. एक म्हातारा राजा, त्यानं पोरासारखा वाढवलेला सेनापती. एक जोशी सेनापतीला सांगतो की तुझ्या कपाळी सिंहासन आहे. बायको रोज टोचत राहते. शेवटी तो किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देतो, राजा मारला जातो, आणि हा गादीवर बसतो पण त्याला अन्न गोड लागत नाही. सेनापतीसाठी दुसरा कुणी डोळ्यांसमोर नव्हताच. त्याच्या बायकोचं काम करायला गावातली एकही बाई तयार होईना, तेव्हा भानुदासची खरी बायको सुमन उभी राहिली. सुमन कमी बोलणारी, धारदार नजरेची. "घरात बोलू देत न्हाईत, इथं तरी बोलते," ती म्हणाली.

तालमी शाळेच्या व्हरांड्यात चालायच्या. सगळ्यांचं पाठांतर झालं तरी भानुदास एका जागी अडायचा. "बाई, पर कावून उघडतो त्यो दरवाजा? त्याला काय कमी हाय? खायला हाय, मान हाय, राजा लेकरासारखं बघतो."

"जोश्यानं भरवलं, बायकोनं भरवलं," मी म्हटलं.

"कुणी भरवलं म्हणून माणूस एवढं करतं व्हय?" तो म्हणाला आणि मान हलवत पुन्हा उभा राहिला. मी वहीत डोकं घातलं. 

शेवटच्या प्रवेशात प्रजा सेनापतीला जाब विचारते, तेव्हा तो बायकोकडे बोट करून म्हणतो, "माझ्या कानात विष ओतणारी ही बघा!" या वाक्याला त्या वर्षी लोकांनी अशा टाळ्या दिल्या की सुमनला पडदा पडेपर्यंत खाली मान घालून उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून भानुदासचं नाव सेनापती पडलं. लहान पोरं सुमनला बघून "विष, विष" म्हणत पळायची. ती हसून सोडून द्यायची.

पुढच्या रांगेत तालुक्याचे एक पुढारी बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. नाटक संपल्यावर त्यांनी सेनापतीच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "हा आवाज इथं वाया चाललाय." एवढंच. पण ते वाक्य त्याच्या आत जाऊन बसलं. मग आबांच्या गाडीतून त्याचं बीडला जाणं-येणं सुरू झालं. पांढरे कपडे आले. वार्निशचा डाग पडू नये म्हणून तो दुकानात बसेनासा झाला.

एका दुपारी मी वह्या तपासत होते, तेव्हा तो शाळेत आला. दारातच उभा राहिला, आणि त्याच्या मानानं फारच हळू विचारलं, "बाई, मी सरपंच झालो तर शोभंल का?"

मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "न शोभायला काय झालं? नानांचं आता वयही झालंय."

त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला खरोखर माहीत नव्हतं. पण मी मान वर केली असती तर कदाचित दिसलं असतं.

पौषात नानांवर अविश्वासाचा ठराव आला. त्या काळी सरपंच सदस्यांतूनच निवडला जायचा. ठरावावर सात सह्या होत्या आणि पहिली भानुदासची होती. कारण लिहिलं होतं की सरपंचांनी वसतिगृहातल्या मुलांचा तांदूळ बाजारात विकला. तो मजकूर आबांच्या माणसानं लिहून आणला होता. पण तांदळाचा दाणाही इकडचा तिकडे झालेला नाही, हे भानुदासइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोती तोच उतरवून घ्यायचा.

बैठक तहसीलदारांसमोर झाली. खिडकीबाहेर अर्धं गाव उभं होतं, मीही होते. नानांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"भानू, ही सही तुझी हाय का रे?"

"हाय."

"बरं." नानांनी कागद परत दिला. मग म्हणाले, "पोरं जेवली का सकाळची?"

 हात वर करायला सांगितलं तेव्हा भानुदासनं हात वर केला, पण डोळे टेबलावर होते.

तो सरपंच झाला. गुलाल उधळला, मिरवणूक दारात आली आणि सुमन ओवाळायला बाहेर आलीच नाही. आतून कडी लावून घेतली होती तिनं. आदल्या आठवड्यात सही करू नका म्हणून ती त्याच्या पाया पडली होती. हे तिनं मला नंतर, नळावर हंडा भरताना सांगितलं. पण गावाची समजूत निराळीच झाली. गावानं तिला स्टेजवर नवऱ्याला भरवताना पाहिलं होतं. "बायकोनंच कान फुंकले, न्हाईतर भानू नानाच्या ताटात माती कालवणारा न्हाई," असं जो तो बोलू लागला. बायका नळावर तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आणि भानुदासनं हे ऐकलं, समजून घेतलं, आणि बोलू दिलं. आपल्यावरचं ओझं कुणी परस्पर उचलून नेतंय म्हटल्यावर तो गप्प बसला. मी त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांपैकी आहे, पण त्याचा हा गप्पपणा मला त्या सहीपेक्षाही जड वाटतो. खरं काय ते मलाही माहीत होतं. मी तरी कुठे बोलले?

नाना आठवड्याच्या आत गाव सोडून नांदूरघाटला भाचीकडे गेले. जत्रेच्या महिनाभर आधी ते वारले. भानुदास मोटारसायकलनं गेला, भाचीच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत पोचला, बाहेर बसलेली माणसं पाहिली आणि तिथूनच परत फिरला. "पाय उचलंना बाई," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसांत त्याचा आवाजच गेला होता. ग्रामसभेत मागची माणसं ओरडायची, "सरपंच, ऐकू येईना!" जेवताना ताट पुढे सारून उठायचा. दुपारी देवळाच्या सभागृहात जाऊन पोती मोजायचा, पुन्हा मोजायचा.

चैत्रात गावानं तेच नाटक मागितलं. मी नको म्हटलं. मला वाटलं भानुदासही नको म्हणेल. पण तो म्हणाला, "करू बाई. मी करतो." सुमनला मी एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "न्हाई म्हणलं तर म्हणतील, खरं हाय म्हणून भ्याली. उभी राहते मी."

नाटक छान रंगलं. पुढच्या रांगेत आबा होते. मी विंगेत वही धरून उभी होते. शेवटचा प्रवेश आला. प्रजेनं विचारलं, "दरवाजा कुणी उघडायला लावला?" आता बोट दाखवायचं आणि वाक्य म्हणायचं. भानुदासनं सुमनकडे पाहिलं. हात थोडा उचलला. मला वाटलं विसरला, म्हणून मी वाक्य पुरवलं, "माझ्या कानात विष ओतणारी..." त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मग तो स्टेजच्या पुढे आला. मुकुट काढून खाली ठेवला.

"कुणी न्हाई लावला," तो म्हणाला. आवाज पहिल्यासारखाच, थेट वेशीपर्यंत जाणारा. "मलाच पायजे होतं. आबांनी नुसतं दार दाखवलं, उघडलं मी. नानानं तांदूळ विकला न्हाई. एक दाणा न्हाई. मला म्हाईत होतं आन् मी सही केली. ही माझी बायको पाया पडली होती माझ्या, करू नका म्हणून. तुमी तीन महिने तिला बोललात. मी ऐकत बसलो."

पहिल्यांदा दोन-चार टाळ्या वाजल्या, लोकांना तो संवादच वाटला. मग त्या थांबल्या. आबा उठले, त्यांच्यामागे त्यांची माणसं उठली, खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सुमन जागची हलली नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिथेच खाली बसली. पडदा ओढायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं राजीनामा दिला. आबांची मर्जी गेल्यावर मोटारी येईनाशा झाल्या. लोक वडवणीला दुरुस्तीला टाकू लागले. काहीजण म्हणाले, खरं बोलला तो मोठ्या मनाचा. काहीजण म्हणाले, माणूस मेल्यावर कबूल करायला काय जातंय. दोन्ही बोलणी त्याच्या कानावर जायची, आणि दुसऱ्या बोलण्याला तो मान डोलवायचा. सुमनशी मात्र बायका पुन्हा बोलू लागल्या. एक दिवस तिच्या दारात कुणीतरी न सांगता वानोळा म्हणून वांगी ठेवून गेलं. तिनं ती वांगी मला दाखवली, जणू पदक मिळालं होतं.

दिवाळीनंतर दोघांनी कोयता उचलला. ज्या ट्रकमध्ये त्याचे आईवडील चढायचे तसल्याच ट्रकमध्ये भानुदास चढला, सुमनला हात देऊन वर घेतलं. मी निरोपाला गेले होते. मी म्हटलं, "भानुदास, त्या दुपारी मी म्हणाले होते, शोभेल म्हणून."

"म्हणला असाल," तो म्हणाला. "तुमी न्हाई म्हणला असता तर मी दुसऱ्या कुणाला इचारलं असतं. हो म्हणणारं माणूस घावेपर्यंत हिंडलो असतो मी." मग वाकून म्हणाला, "माझं एक काम करा. नांदूरघाटला जावा. नानाच्या भाचीला खरं काय ते सांगा. मला जमत न्हाई."

मी गेले. भाची चाळिशीतली, शिलाईयंत्रावर बसलेली. मी सगळं सांगितलं, सही, तांदूळ, स्टेजवरची कबुली. तिनं यंत्र थांबवून ऐकलं. मग म्हणाली, "मामाचा तर त्याच्यावर राग नव्हताच, बाई. शेवटपर्यंत म्हणायचे, माझा भानू असला न्हाई, त्याला कुणीतरी नादी लावलं. त्याचं काय चुकलं, लेकरू हाय. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, त्याला सांगा, मी माफ केलं."

हा निरोप घेऊन मी परतले. मला वाटलं, एवढ्यानं तरी त्याचं काळीज हलकं होईल. त्याचा फोन रविवारी लागला. पलीकडे उसाच्या फडातला वारा ऐकू येत होता, कुणीतरी बैलांना हाकत होतं. मी भाचीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

 

"म्हंजे नाना समजत होते की दुसऱ्यानं करवलं," तो म्हणाला. "मग त्यांनी माफ कुणाला केलं, बाई?"

मी काही म्हणणार इतक्यात मागून सुमनची हाक आली, गाडी भरायची होती. "आलो," असं तो तिला म्हणाला, आणि फोन बंद न करताच खिशात टाकून गेला. कितीतरी वेळ मला उसाची पानं घासल्याचा आवाज ऐकू येत राहिला.