मोठे दिसणारे बांगडे

आई जाऊन चार महिने झाले. तिच्याबद्दल लिहायचं ठरवून वही उघडते आणि दोन-तीन ओळी झाल्या की थांबते. ज्या गोष्टी सांगण्यासारख्या वाटतात, त्या कागदावर उतरल्या की कुणाच्याही आईच्या वाटू लागतात. गेल्या आठवड्यात भाची आली होती. तिने मुंबईत लेझरने डोळ्यांचा नंबर घालवून घेतला. सकाळी दवाखान्यात गेली, दुपारी घरी येऊन जेवली, आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचलं. तिने सहज विचारलं, "आजीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं ना? तेव्हा कसं असायचं?" मी सांगू लागले आणि लक्षात आलं की ही गोष्ट मात्र माझ्याच आईची आहे.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. आई मालवणच्या बाजारात मासळी विकायची. वडील लवकर गेले, त्यानंतर त्या टोपलीवरच मी शिकले आणि तिथल्याच शाळेत शिक्षिका झाले. उजाडताना होड्या किनाऱ्याला लागत. मासळी वाळूवर ओतली जाई आणि बायका भोवती गोळा होत. मग लिलाव. आमच्या किनाऱ्यावर लिलाव तुटेपर्यंत, म्हणजे शेवटची बोली पक्की होईपर्यंत, मासळीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. एकीने दाबून पाहिलं की दहाजणी दाबणार आणि मासळी नरम पडणार. त्यामुळे सगळा खेळ नजरेचा. ढिगात मोठे बांगडे किती, वरवर पसरलेले किती आणि खाली बारीक किती दडलेत, मासळी रात्रीची की आत्ताची, हे आई उभ्या उभ्या सांगायची. तिने बोली थांबवली की बाकीच्याही थांबत. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावात तिला मान होता तो त्या नजरेचा.

तिला दिसायचं कमी झालं हे घरात मला उशिरा कळलं, बाजारात आधी. बाजारात तिच्या शेजारी बसणारी एक बाई होती. मी तिला मावशी म्हणायचे. दोघींचा वीस वर्षांचा शेजार आणि वीस वर्षांचं भांडण. एकदा मावशी माझ्यादेखत तिला म्हणाली, "गो, तुझो डोळो दोन दिसांच्या बांगड्यासारखो झालो. लिलावात तुका कोण घेवचो नाय."

आई म्हणाली, "कल्लो उघडून बघ. अजून तांबडो आसा."

मासळीवाली ताजेपणा बघते तो आधी माशाच्या डोळ्यात, मग कल्ल्यात. मी आईच्या डोळ्यात वाकून पाहिलं. बाहुली खरंच पांढुरकी झाली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, पण तो अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी या, म्हणाले. तेव्हा तशीच पद्धत होती. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पिकूक तो काय आंबो? मगे आढयेत घालूया." ते वर्ष तिने कसं काढलं हे मला अजून नीट माहीत नाही. वासावर, बायकांच्या आवाजावर आणि दुसऱ्या डोळ्यात उरलेल्या थोड्या उजेडावर ती बोली लावत असावी. कुणाला विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पुढच्या थंडीत आमच्याच शाळेत नेत्रशिबिर झालं. डॉक्टर घाटावरून आले होते. दोन वर्गांतले बाक बाहेर काढून खाटा मांडल्या. आई शेवटच्या दिवसापर्यंत नाही म्हणत होती. मी तिला समजावलं, "आये, ऑपरेशन केल्यार पयल्यासारख्या दिसतला." हे मी दोन-तीनदा तरी म्हटलं. शिकलेली मुलगी सांगते म्हणून ती तयार झाली.

ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. त्यानंतरचे दिवस कठीण होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. डॉक्टर हे सगळं शुद्ध मराठीत सांगून गेले. मावशी पेज घेऊन आली आणि खाटेच्या कडेला बसून गावभरच्या बायकांच्या नकला करू लागली.

"हसव नको गो," आई ओठ घट्ट धरून म्हणाली, "टाके तुटतले."

"तुटांदेत. जाळा विणूची सुई घेवनच इलंय."

शेजारच्या खाटेवरचे एक आजोबा पट्टीखालून फिसकन हसले. परिचारिका धावत आली आणि तिने मावशीला वर्गाबाहेर काढलं.

दीड महिन्याने चष्मा मिळाला. त्या काळी डोळ्यातली धुरकट काच काढून टाकत, पण आतासारखी दुसरी आत बसवत नसत. तिचं काम चष्म्याने करायचं. तो चष्मा म्हणजे तपकिरी फ्रेममधली मध्ये फुगलेली दोन जाड भिंगं. आईने तो चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझा नाक एवढा मोठा कधी झाला गो?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, सगळं थोडं मोठं आणि जवळ दिसेल. पायरी उतरताना जपा. चहा ओतताना कपाबाहेर जाईल, तेही जपा." त्यांनी पायरीचं सांगितलं, चहाचं सांगितलं. मासळीचं त्यांना कुठून सुचणार? मलाही सुचलं नाही, आणि मी तर मासळीवालीची मुलगी.

पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेले. ती फार खुशीत होती. समुद्राकडे बघून म्हणाली, "दर्याक कोणी नीळ घातल्यानी काय?" इतकी वर्षं पिवळट पडद्याआडून बघितल्यावर तिला सगळंच निळं आणि झळझळीत दिसत होतं. एक होडी लागली, बांगड्याचा ढीग पडला आणि लिलाव सुरू झाला. आई बोलली. कुणी वरची बोली बोललं, आई त्याच्याही वर. बायका तिच्याकडे बघू लागल्या. म्हातारीला ढिगात काहीतरी दिसलेलं असणार, असं वाटून दोघी-तिघी थोडा वेळ तिच्या मागे आल्या आणि मग थांबल्या. आई थांबली नाही. ढीग तिच्या नावावर तुटला.

बाजारात तिने वाटे मांडले. नेहमीचं गिऱ्हाईक असलेले कोर्टातले एक कारकून आले आणि म्हणाले, "आज एवढे बारीक कित्याक हाडलंस?"

"बारीक?" आई म्हणाली. "डोळे तपासून घेवा. शिबिर झाला तेव्हा खंय होतात?"

आजूबाजूच्या बायका हसल्या, कारकूनही हसले आणि मावशीकडून बांगडे घेऊन गेले. मग दुसरं गिऱ्हाईक तेच म्हणालं. मग तिसरं. आईचा आवाज चढत गेला. मावशी एवढा वेळ काही बोलली नव्हती, आणि तिने न बोलणं हेच नवल होतं. शेवटी तिने आपल्या पाटीतला एक बांगडा आईच्या उजव्या हातात ठेवला आणि आईच्याच वाट्यातला एक डाव्या हातात. आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळे मिटून दोन्ही हात जरा वरखाली केले. मग डाव्या हातातला बांगडा परत वाट्यावर ठेवला आणि दुपारपर्यंत मिळेल त्या भावाला सगळे वाटे काढून टाकले. त्या दिवशी ती कुणाशी भांडली नाही.

घरी आल्यावर पाय धुताना मला एवढंच म्हणाली, "तू सांगललंस, पयल्यासारख्या दिसतला."

मी भिंगाबद्दल समजावू लागले. ती आत निघून गेली.

त्यानंतर ती चष्मा न घालता जाऊ लागली. चष्म्याशिवाय तिला ढीग म्हणजे नुसता चकाकता डाग दिसे. त्यामुळे मावशी जिथवर बोले तिथवर ही बोले आणि मावशीने सोडलेलं उरलंसुरलं घेई. वीस वर्षं हे उलट चाललं होतं. मावशीला ते कळलं होतंच. "ये, ये," ती म्हणायची, "माझ्या शेपटाक धरून ये." पूर्वी यावर आईने तिला दहा गोष्टी ऐकवल्या असत्या.

मी म्हणाले, "आये, आता पुरे. माझो पगार आसा. घराक बस."

"घराक बसान काय करू? तुझी पुस्तका वाचू?"

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. ती रोज थोडी उशिरा निघू लागली होती. आधी ती अंधारातच पदर खोचून तयार असे. आता मी हाक मारली तरी पडून राही. अजून महिनाभर असंच चाललं तर ती आपणहून घरी बसेल आणि ते माझ्या म्हणण्यामुळे नसेल, हे मला दिसत होतं.

मग मी मला येत होतं ते केलं. शाळेतून लाकडी फूटपट्टी आणली, लिहायच्या पाटीवर दोन मासे काढले, एक चष्म्यातून दिसतो तेवढा आणि एक खरा. सांगितलं, "पाच बोटा दिसलो तर चार बोटा समज." ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तो थंय लिलाव बोलता, आणि मी पाचातसून एक काढीत बसू? तवसर बांगडे उठान दर्यात जातले." पट्टी माझ्या हातात होती. तीही चष्म्यातून मोठीच दिसत असणार, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही.

तीन-चार दिवसांनी ती मागच्या दारी विळीवर मासे कापत बसली होती. बोट कापू नये म्हणून चष्मा घातलेला. मी पडवीत वह्या तपासत होते. तिने हाक मारली, "गो, हडे ये. माझो हात मोठो दिसता?"

"नाय. होतो तसोच आसा."

"माका मोठो दिसता." तिने ओला पंजा माझ्यापुढे धरला, मग कापायला घेतलेला बांगडा त्याच्याशेजारी ठेवला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि वर शेपटी थोडी बाहेर. "हात मोठो, बांगडोय मोठो. दोगय एकाच काचेतसून बघतंय मी. मगे चुकता खंय?"

तिने पाटीतला दुसरा बांगडा पंजाशेजारी ठेवला, मग तिसरा. मासे कापायला त्या दिवशी फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधी उठलेली होती. शाळा दुपारची होती म्हणून मीही मागोमाग गेले. खरं सांगायचं तर पुन्हा तसंच झालं तर तिला तिथूनच घरी आणावं, असं मनात धरून गेले होते. होडी लागली, ढीग पडला. आईने चष्मा चढवला, बायकांतून वाट काढत पुढे गेली, वाकली आणि उघडा पंजा ढिगावर धरला.

"म्हातारे, हात नको," लिलाव बोलणारा ओरडला. "लिलाव तुटाक नाय अजून."

"खंय लावलंय? हडे येवन बघ. मदीसून वारो जाता."

तो खरंच येऊन वाकून बघून गेला. पंजा आणि मासळी यांच्यात दोन बोटांची फट होती. बायका हसल्या. कुणी म्हणालं, "मासळेक आशीर्वाद देता ती." आईने लक्ष दिलं नाही. तिने पंजा ढिगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश नेला, एका जागी थांबली, खालच्या थरातून डोकावणाऱ्या शेपट्या पाहिल्या आणि सरळ उभी राहिली.

लिलाव सुरू झाला. दोनदा वर चढल्यावर आई बोलली. मावशी तिच्याहून वर बोलली. आईने अजून एकदा वाकून पाहिलं आणि हात पदरात घेतला. ती बोलली नाही. मावशीने तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ती आईकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "खाली बारीक आसत काय गो?"

"तुझी नजर बरी आसा मा? बघ तू."

पलीकडून तिसऱ्याच बाईने अजून वर बोलून तो ढीग घेतला. दुसऱ्या होडीचा ढीग आईने घेतला. पंजा फिरवला, दोनदा बोलली आणि लिलाव तुटला. तो तिने बरोबर घेतला होता हे बाजारात गिऱ्हाइकांनी सांगण्याआधी मावशीच्या गप्प बसण्यावरून मला कळलं. मग आईने पाटी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि इकडे तिकडे बघितलं. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, कुणीतरी हात लावावा लागतो. मी तिला घरी न्यायला आले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघतंस काय? हात लाव."

मी एका बाजूने पाटी धरली, तिने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही ती वर चढवली. पाण्याची धार माझ्या साडीवर आली. ती बाजाराच्या दिशेने चालू लागली, पायरी आली तिथे जपून थांबली, पायाने चाचपून उतरली आणि पुढे गेली.